गुडघ्याच्या आत डोकावताना

मुलांनो, तुम्ही रोज लंगडी खेळता, खो-खो खेळता, दोरीवरच्या उड्या मारता. पळताना, खाली बसताना, जिना चढताना तुमचा गुडघा किती वेळा वाकतो आणि किती वेळा सरळ होतो, हे कधी मोजले आहे का? मोजता मोजता दमून जाल, इतक्या वेळा! गुडघा मात्र कुरकुरत नाही. म्हणून आपले त्याच्याकडे लक्षही जात नाही. तो दुखू लागला, सुजला, की मगच त्याची आठवण होते.

घरातील आजी-आजोबांना तुम्ही पाहिले असेल. उठताना ते गुडघ्यावर हात टेकतात. पावसाळी हवा आली, की गुडघ्याला तेल चोळतात. त्यामुळे संधिवात हा म्हातारपणाचा आजार आहे, असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नाही. संधिवाताचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतील काही प्रकार लहान मुलांनाही होतात. अगदी दोन-तीन वर्षांच्या बाळालाही संधिवात होऊ शकतो.

आता एक प्रश्न पाहा. गुडघा सुजला, तर आत काय बिघडले आहे, हे डॉक्टरांना कसे कळते? गुडघा म्हणजे काही डबा नव्हे, की झाकण उघडले आणि आत पाहिले! कातडीला धक्का न लावता शरीराच्या आत पाहण्याची युक्ती माणसाला कशी सापडली? त्या युक्तीची सुरुवात जर्मनी या देशात झाली. तिची माहिती आपण या पाठात घेऊ या.

गुडघ्याची रचना

आधी गुडघा कसा बनलेला आहे, ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकत्र येतात, तेथे गुडघ्याचा सांधा असतो. पुढच्या बाजूला एक छोटेसे गोलसर हाड असते. त्याला आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत, म्हणून त्यांवर कूर्चेचे आवरण असते. कूर्चा पांढरी, गुळगुळीत आणि लवचीक असते. तुमच्या कानाची पाळी वरच्या बाजूला दुमडून पाहा. आत जे वाकणारे, पण मऊ नसलेले लागते, तीही कूर्चाच. मात्र ती थोड्या वेगळ्या प्रकारची.

सांध्याच्या भोवती एक पिशवी असते. त्या पिशवीला आतून पातळ अस्तर असते, जसे आपल्या दप्तराला आतून असते तसे. हे अस्तर एक चिकट द्रव तयार करते. दाराच्या बिजागरीत तेल घातले, की दार न कुरकुरता उघडते. सांध्यातील द्रव हेच काम करतो. निरोगी गुडघ्यात हा द्रव किती असतो, ठाऊक आहे? छोटा चमचाभरही नसतो! तेवढ्यावर गुडघ्याचे काम आयुष्यभर चालते.

दाह म्हणजे काय?

बोटात काटा मोडला, तर दुसऱ्या दिवशी काय होते? बोट लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. यालाच दाह म्हणतात. आपल्या रक्तात शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी असतात. काट्याबरोबर जंतू आत शिरले, की या पेशी तेथे धाव घेतात. त्यांना लवकर पोहोचता यावे, म्हणून त्या जागी जास्त रक्त येते. लाली, सूज आणि उष्णता येते ती यामुळेच. म्हणजे दाह हा एरवी आपल्या उपयोगाचा असतो. काम संपले, की तो ओसरतो.

परंतु कधीकधी हे रक्षक चूक करतात. शरीरात कोणी शत्रू नसतानाही ते सांध्याच्या अस्तरावरच हल्ला करतात. मग अस्तर जाड होते. ते नको तेवढा द्रव तयार करू लागते. गुडघा फुगतो. हा दाह आपोआप थांबत नाही. तो महिनोन्महिने चालू राहिला, तर कूर्चा झिजते आणि पुढे हाडही पोखरले जाते. एकदा पोखरलेला सांधा पुन्हा पूर्वीसारखा होणे फार अवघड असते.

म्हणून दाह लवकर ओळखणे महत्त्वाचे आहे. पण तो तर आत, अस्तरात लपलेला! त्याला शोधायचे कसे?

वुर्झबर्गमधील एक संध्याकाळ

जर्मनीत वुर्झबर्ग नावाचे जुने शहर आहे. तेथील विद्यापीठात विल्हेल्म राँटजेन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. ८ नोव्हेंबर १८९५ हा दिवस होता. संध्याकाळी ते आपल्या प्रयोगशाळेत एकटेच काम करत होते. जवळजवळ सगळी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली, की काय होते, याचा ते अभ्यास करत होते. त्यांनी ती नळी काळ्या जाड कागदाने पूर्ण झाकली होती. खोलीतही अंधार केला होता. नळीतून प्रकाशाचा एक कवडसासुद्धा बाहेर येत नव्हता.

तेवढ्यात त्यांना एक नवल दिसले. थोड्या अंतरावर एक पडदा ठेवलेला होता. त्याला एका रसायनाचा लेप दिलेला होता. तो पडदा चमकू लागला! वीज बंद केली, की चमक जाई. वीज सुरू केली, की पुन्हा येई. म्हणजे नळीतून काहीतरी बाहेर पडत होते. ते डोळ्यांना दिसत नव्हते, पण जाड कागदातून आरपार जात होते.

दुसरा एखादा म्हणाला असता, ‘असेल काहीतरी!’ राँटजेन तसे म्हणाले नाहीत. त्यांनी कोणालाही न सांगता सुमारे सात आठवडे प्रयोग केले. किरणांच्या वाटेत त्यांनी लाकूड ठेवले, जाड पुस्तक ठेवले, निरनिराळे धातू ठेवले. लाकूड आणि पुस्तक यांतून किरण सहज पार झाले. शिशाच्या जाड पत्र्याने मात्र त्यांना अडवले. किरणांच्या वाटेत स्वतःचा हात धरल्यावर तर त्यांना पडद्यावर आपल्याच हातातील हाडांच्या सावल्या दिसल्या!

२२ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी आपली पत्नी अॅना बर्था यांना प्रयोगशाळेत बोलावले. त्यांचा हात छायाचित्राच्या काचेवर ठेवून त्यावर हे किरण सोडले. काच धुतल्यावर तिच्यावर हाताची हाडे स्पष्ट उमटली होती. बोटातील अंगठीही दिसत होती. जिवंत माणसाच्या हाताची हाडे अशा चित्रात पाहण्याची ही जगाची पहिलीच वेळ.

गणितात आपल्याला माहीत नसलेल्या संख्येला आपण ‘क्ष’ मानतो. हे किरण कसले आहेत, ते राँटजेन यांना तेव्हा माहीत नव्हते. म्हणून त्यांनी किरणांना तेच नाव दिले. इंग्रजीत ते ‘एक्स-रे’ झाले आणि मराठीत ‘क्ष-किरण’. जर्मनीत मात्र लोक त्यांना आजही ‘राँटजेन किरण’ असेच म्हणतात.

१९०१ साली नोबेल पारितोषिके प्रथमच देण्यात आली. भौतिकशास्त्राचे पहिले पारितोषिक राँटजेन यांना मिळाले. पारितोषिकाची रक्कम त्यांनी आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली. शोधाचा मालकी हक्क स्वतःकडे ठेवला असता, तर ते खूप श्रीमंत झाले असते. पण हा शोध सर्वांच्या उपयोगी पडावा, असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी तो हक्क घेतलाच नाही. वुर्झबर्गमधील त्यांची प्रयोगशाळा आजही जपून ठेवली आहे.

सावलीत काय दिसते, काय दिसत नाही?

रात्री अंधारात विजेरी लावून तिच्यावर तळहात धरा. बोटे लालसर चमकतात. पण हाडे दिसत नाहीत. विजेरीचा प्रकाश मांसात शिरतो, पण तो सगळीकडे विखुरतो. क्ष-किरण बहुतेक सरळ पार होतात. हाडांत कॅल्शिअम असते. ते पुष्कळ किरण अडवते. म्हणून हाडांची सावली उमटते. मांस, कातडी, रक्त यांतून किरण सहज जातात. म्हणून त्यांची सावली फिकट असते.

गुडघ्याचे क्ष-किरण चित्र पाहिले, तर मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये मोकळी फट दिसते. ही फट खरोखर मोकळी नसते. तेथे कूर्चा असते. ती चित्रात दिसत नाही, इतकेच. ही फट अरुंद झाली, तर कूर्चा झिजली आहे, असे डॉक्टर ओळखतात. आजी-आजोबांच्या गुडघ्यांच्या चित्रांत अशी अरुंद फट पुष्कळदा दिसते.

एक गंमत सांगू? लहान बाळाच्या गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढले, तर त्यात वाटी दिसतच नाही! बाळाला वाटी नसते का? असते, पण ती कूर्चेची असते. बाळ साधारण तीन वर्षांचे झाल्यावर तिच्यात हाड तयार होऊ लागते. मग ती चित्रात दिसू लागते.

आता आपली अडचण तुमच्या लक्षात आली असेल. दाह कोठे असतो? अस्तरात. अस्तर कसे असते? मऊ आणि पातळ. क्ष-किरणांच्या चित्रात ते नीट दिसत नाही. हाड पोखरले गेल्यावर ते चित्रात दिसते खरे. पण तोवर फार उशीर झालेला असतो. घरात चोर शिरल्याचे भिंत पडल्यावर कळून काय उपयोग? तो दाराशी असतानाच कळले पाहिजे.

किरणांची मोजलेली किंमत

क्ष-किरणांचा शोध लागताच जगभरचे डॉक्टर ते वापरू लागले. मोडलेले हाड दिसू लागले. अंगात रुतलेली बंदुकीची गोळी सापडू लागली. सगळ्यांना फार आनंद झाला. पण या किरणांची दुसरी बाजू सुरुवातीला कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. शरीरावर ते वारंवार आणि जास्त प्रमाणात पडले, तर अपाय होतो.

डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस यंत्र नीट चालते का, हे पाहण्यासाठी रोज स्वतःचाच हात किरणांपुढे धरत. काही काळाने त्यांच्या हातांवर जखमा झाल्या. त्या बऱ्या होईनात. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात हाइनरिश अल्बर्स-शोनबर्ग नावाचे डॉक्टर होते. क्ष-किरणांचे ते मोठे तज्ज्ञ होते. या किरणांच्या अपायामुळे त्यांना आपला डावा हात गमवावा लागला. १९२१ साली त्यांचा मृत्यू झाला.

हॅम्बुर्गमधील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक दगडी स्मारक उभारले गेले. क्ष-किरणांवर आणि तशाच दुसऱ्या किरणांवर काम करताना ज्यांनी प्राण गमावले, अशा निरनिराळ्या देशांतील १६९ जणांची नावे त्यावर सुरुवातीला कोरली होती. पुढे त्यांत आणखी नावांची भर पडली. त्यांत डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, परिचारिका आणि तंत्रज्ञही आहेत. आज आपल्याला जे सहज मिळते, त्यासाठी कोणीतरी केवढी किंमत मोजली आहे, याची आठवण ते स्मारक करून देते.

म्हणून क्ष-किरणांना घाबरायचे का? नाही. आता किरणांचे प्रमाण अगदी थोडे ठेवतात. जरूर असेल, तेव्हाच चित्र काढतात. तंत्रज्ञ भिंतीमागे उभे राहतात. असे एखादे चित्र काढल्याने होणारा धोका फारच कमी असतो आणि फायदा मोठा असतो. तरीही सुजलेल्या गुडघ्याकडे पुन्हा पुन्हा पाहायचे असेल, तर दुसरी एखादी वाट हवी होती. ती वाट आवाजाने दाखवली.

आवाजाने पाहणे

वटवाघूळ अंधारात उडते, पण कोठे धडकत नाही. ते तोंडाने अतिशय उंच पट्टीचे आवाज काढते. तो आवाज झाडावर, भिंतीवर आपटून परत येतो. त्यावरून पुढे काय आहे, ते वटवाघळाला कळते. आपण विहिरीत डोकावून ‘ओ’ दिली, तर विहीरही ‘ओ’ देते ना? तसेच हे.

वस्तू सेकंदाला सुमारे २० ते २०,००० वेळा थरथरली, तर तिचा आवाज माणसाला ऐकू येतो. याहून जास्त वेळा थरथरली, तर आवाज असतो, पण तो आपल्याला ऐकू येत नाही. सोनोग्राफीच्या यंत्रात असाच आवाज वापरतात. सांधे तपासताना तो सेकंदाला एक कोटी वेळांच्या आसपास थरथरतो!

समजा, जर्मनीतील एका गावात सात वर्षांची एक मुलगी आहे. सकाळी उठल्यावर ती लंगडते. तिचा गुडघा आखडलेला असतो. दुपारपर्यंत ती बरी चालू लागते. गुडघा थोडा सुजलेला दिसतो, पण ती फारशी रडत नाही. घरच्यांना वाटते, खेळताना पडली असेल. असे होता होता सहा आठवडे जातात. मग तिला डॉक्टरांकडे नेतात.

डॉक्टर तिच्या गुडघ्याला थंडगार जेली लावतात आणि त्यावरून साबणाच्या वडीएवढे एक साधन फिरवतात. साधनातून आवाज आत जातो आणि आतील भागांवर आपटून परत येतो. यंत्र त्या प्रतिध्वनींचे चित्र बनवते. पडद्यावर हाडाची कड पांढऱ्या रेघेसारखी दिसते. पाणी काळे दिसते. मुलीच्या गुडघ्यात काळा पट्टा रुंद झालेला असेल, तर आत द्रव साचला आहे. त्याच्या कडेला करड्या रंगाचा जाड थर असेल, तर अस्तर सुजले आहे. आईच्या शेजारी बसून ती मुलगीही आपल्या गुडघ्याचे चित्र पाहू शकते. सुई नाही, दुखणे नाही, अपायकारक किरण नाहीत.

दाह झालेल्या जागी जास्त रक्त येते, हे तुम्हांला आठवते ना? सोनोग्राफीत तेही दिसते. आगगाडी शिट्टी वाजवत आपल्याकडे येते, तेव्हा शिट्टीचा आवाज उंच वाटतो. गाडी पुढे निघून गेली, की तोच आवाज उतरल्यासारखा वाटतो. ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञाने १८४२ साली यामागील नियम सांगितला. वाहत्या रक्तावर आपटून आलेला आवाजही असाच थोडा बदलतो. हा बदल यंत्र ओळखते आणि तेथे रंगीत ठिपके दाखवते. अस्तरात असे ठिपके पुष्कळ दिसले, तर तेथे दाह जोरात आहे.

डॉक्टर या चित्राला शून्य ते तीन असे गुण देतात. परीक्षेत शून्य मिळाले, तर आपल्याला वाईट वाटते. येथे मात्र शून्य गुण सर्वांत चांगला! शून्य म्हणजे दाह नाही, तीन म्हणजे खूप दाह. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा चित्र पाहतात. तीनाचे दोन, दोनाचा एक झाला, की औषध लागू पडले, हे कळते. गुण तसेच राहिले, तर डॉक्टर औषध बदलण्याचा विचार करतात. अशी अनेक मुलांची चित्रे तपासून कोणता उपचार चांगला, याचा अभ्यासही करता येतो.

चुंबकाने पाहणे

सोनोग्राफीचा आवाज हाडाच्या पलीकडे जात नाही. मग हाडाच्या आत आणि सांध्याच्या खोल कोपऱ्यांत काय चालले आहे, ते कसे पाहायचे? त्यासाठी एमआरआय नावाचे मोठे यंत्र आहे.

आपल्या शरीराचा अर्ध्याहून अधिक भाग पाणी आहे. पाण्यात हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूच्या मध्यभागी जणू एक इवलेसे चुंबक असते. एमआरआयच्या यंत्रात फार शक्तिशाली चुंबक असते. नेहमी वापरात असलेल्या अशा अनेक यंत्रांचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट जोरदार असते. त्यात पाय ठेवला, की त्यातील पुष्कळ इवली चुंबके प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी एका दिशेत येतात. मग यंत्र रेडिओ लहरी सोडून त्यांना हलकासा धक्का देते. लहरी थांबल्या, की ती पुन्हा जागेवर येतात आणि येताना स्वतःच बारीक लहरी सोडतात. गुडघ्याभोवती बसवलेले साधन त्या लहरी टिपते आणि संगणक त्यांचे चित्र तयार करतो.

एमआरआयने चित्र काढण्याची पद्धत १९७३ साली पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांच्या कामातून पुढे आली. त्यासाठी त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण सुरुवातीला एकेक चित्र तयार व्हायला कित्येक मिनिटे लागत. तेवढा वेळ अजिबात न हलता पडून राहायचे! तुम्हांला जमेल का? लहान मुलांना तर ते फारच कठीण.

येथे पुन्हा जर्मनीची आठवण येते. गटिंगन शहरात मॅक्स प्लांक या संस्थेत यर्गन फ्राम आणि त्यांचे सहकारी काम करत होते. १९८५ साली त्यांनी एक नवी युक्ती शोधली. प्रत्येक वेळी धक्का अगदी छोटा द्यायचा, म्हणजे पुन्हा धक्का देण्यासाठी फार थांबावे लागत नाही. या युक्तीने चित्र काढण्याचा वेग सुमारे शंभर पटींनी वाढला. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. पुढे २०१० साली याच संशोधकांनी धडधडणाऱ्या हृदयाचे चलचित्रही एमआरआयने काढून दाखवले.

अस्तरातील दाह अधिक ठळक दिसावा, म्हणून कधीकधी शिरेतून एक खास औषध देतात. त्यात गॅडोलिनिअम नावाचा धातू विशिष्ट रीतीने बांधलेला असतो. रक्त जेथे जास्त, तेथे हे औषध जास्त पोहोचते. मग दाह झालेले अस्तर चित्रात उजळून दिसते. असे पहिले औषध बर्लिन शहरातील तेव्हाच्या शेरिंग या कंपनीने तयार केले आणि १९८८ साली ते वापरात आले. आता अधिक पक्की बांधणी असलेली नवी औषधे वापरतात. तीही जरूर असेल, तरच देतात.

एमआरआयचे यंत्र काम करताना ढोल बडवल्यासारखा मोठा आवाज करते. म्हणून कानांना संरक्षण देतात. आत जाताना किल्ल्या, नाणी, केसांतल्या पिना असे धातूचे काहीही बरोबर न्यायचे नसते. नाहीतर चुंबक ते झटकन ओढून घेईल!

आल्प्सच्या पायथ्याशी

जर्मनीच्या दक्षिणेला आल्प्स पर्वत आहे. त्सुगश्पिट्झे हे जर्मनीतील सर्वांत उंच शिखर तेथेच आहे. त्याची उंची २,९६२ मीटर आहे. या शिखराच्या पायथ्याशी गार्मिश-पार्टेनकिर्शेन नावाचे गाव आहे. तेथे १९५२ सालापासून संधिवात झालेल्या मुलांवर उपचार केले जातात. आज ते मुलांच्या संधिवातासाठी नावाजलेले रुग्णालय आहे.

अशा मुलांना औषधे देतातच. पण तेवढ्याने काम संपत नाही. आखडलेला गुडघा हळूहळू मोकळा व्हावा, म्हणून व्यायाम शिकवतात. एका गुडघ्यात दीर्घकाळ दाह राहिला, तर तेथे जास्त रक्त येत असल्यामुळे त्या पायाचे हाड दुसऱ्या पायापेक्षा जास्त वाढू शकते. मग एक पाय थोडा लांब होतो. म्हणून डॉक्टर दोन्ही पायांची लांबीही मोजत राहतात. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांतही दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, तरी नजर मंद होऊ शकते. म्हणून गुडघ्याबरोबर डोळ्यांचीही तपासणी नियमितपणे करतात.

दाह वेळीच सापडला आणि उपचार नीट घेतले, तर यांतील पुष्कळ मुले पुन्हा पळू लागतात, पोहू लागतात, सायकल चालवू लागतात. उशीर झाला, तर सांधा कायमचा आखडू शकतो. एवढा फरक एका लवकर काढलेल्या चित्राने पडतो.

आपण काय करावे?

मुलांनो, खेळताना पडून गुडघा खरचटणे, दोन दिवस दुखणे, यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पडल्याचे आठवत नसताना गुडघा सुजला असेल, सकाळी उठल्यावर पाय आखडत असेल, लंगडावे लागत असेल आणि असे बरेच दिवस चालले असेल, तर ते लपवू नका. खेळायला मिळणार नाही, या भीतीने गप्प बसू नका. आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगा. गुडघा सुजून अंगात ताप आला असेल किंवा पाय टेकताच येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे.

आणखी एक गोष्ट. तुमच्या वर्गात एखादा मित्र लंगडत असेल, एखादी मैत्रीण सकाळच्या प्रार्थनेला उभी राहू शकत नसेल, तर तिला हसू नका. तिच्या गुडघ्याच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. राँटजेन यांनी एका चमकत्या पडद्याकडे ‘असेल काहीतरी’ म्हणून दुर्लक्ष केले नाही. आपणही कोणाच्या दुखण्याकडे तसे दुर्लक्ष करू नये.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राँटजेन कोणत्या शहरातील विद्यापीठात शिकवत होते?
(आ) सांध्यातील द्रव कोणते काम करतो?
(इ) लहान बाळाच्या गुडघ्याची वाटी क्ष-किरण चित्रात का दिसत नाही?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सांध्यातील दाह लवकर ओळखणे का महत्त्वाचे आहे?
(आ) राँटजेन यांनी शोधाचा मालकी हक्क का घेतला नाही?
(इ) हॅम्बुर्गमधील स्मारक कोणाची आठवण करून देते?

३. कारणे सांगा.
(अ) एमआरआय यंत्राजवळ धातूच्या वस्तू नेत नाहीत.
(आ) सोनोग्राफीत दाहाला शून्य गुण मिळाला, तर डॉक्टरांना आनंद होतो.

४. करून पाहा.
अंधारात विजेरीसमोर एक पान, एक कागद, एक पुठ्ठा आणि आपला तळहात असे एकेक धरा. कशातून प्रकाश येतो, कशातून येत नाही, ते वहीत लिहा.